औषध घेणं म्हणजे अविश्वास का?

प्रश्न : मोबाइलवर एक प्रवचनकार सांगतात, ‘विश्वासाचं बी’ म्हणून पैसे पाठवा, आजार जाईल, औषध घेणं म्हणजे अविश्वास. आईने इन्सुलिन बंद करायचं ठरवलंय. हेच खरं शुभवर्तमान का?
– एक वाचक, टाकवे बुद्रुक (ता. मावळ)

उत्तर : नाही. आधी आईंचं इन्सुलिन सुरू ठेवा. डॉक्टरांना न विचारता ते थांबवणं जिवावर बेतू शकतं.

शुभवर्तमानाचा गाभा येशूचा वधस्तंभावरचा मृत्यू, त्याचं पुनरुत्थान आणि कृपेने, विनामूल्य मिळणारं तारण हा आहे. बायबलमध्ये शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मागितलं, तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला खडसावलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी. पण प्रेषित पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता, हेही आईंना सांगा.

पारख कशी करायची? बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून पाहिलं. तुमच्याच जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी (1858–1922) साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी अखेरची वर्षं वेचली. सामान्य बायाबापड्यांना ते स्वतः वाचता यावं, ही त्यांची तळमळ होती. आईंसोबत गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचा. वेगळं शुभवर्तमान सांगणाऱ्यांविषयी तिथे स्पष्ट इशारा आहे. ओळखीच्या पाळकांनाही घरी बोलवा.

भीती घालून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. फसवणूक झाली असेल, तर संदेश जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार करा.

आईंना रागावू नका. त्यांची श्रद्धा आणि त्यांचं इन्सुलिन, दोन्ही सांभाळता येतात.