न भेटलेल्या रुग्णासाठी

दादाच्या शर्टाच्या खिशात कायम एक पन्नी असायची, खर्ऱ्याची. नागपूरच्या महाल भागात त्याच्या दुकानासमोरच पानठेला होता. ठेलेवाला पन्नीवर सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना टाकायचा, पन्नी दुमडून तळहाताने जोर लावून घोटायचा. कोरडी सुपारी हळूहळू ओलसर, तपकिरी व्हायची, की रबर बांधून पुडी दादाच्या हातात. दिवसाला पाच-सहा पुड्या व्हायच्या. २००९ मध्ये त्याच्या गालाच्या आत एक जखम झाली, ती भरलीच नाही. २०११ मध्ये दादा गेला. वय एक्कावन्न.

मी बँकेत नोकरी केली, जन्मभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब ठेवला. दादा गेल्यावर त्याचे मित्र, वहिनी आणि मी मिळून कॅन्सरच्या संशोधनासाठी एक छोटा निधी काढला. वर्षाला दोन-अडीच लाखांच्या वर तो कधी गेला नाही. पण त्या निधीने मला जे शिकवलं, ते लिहून ठेवावंसं वाटतं. आपल्या शहरात देणारे हात कमी नाहीत. संशोधनासाठी कसं द्यावं, हे सांगणारे मात्र फार थोडे भेटतात.

१. निदान पटकन होतं, कारण कोणीतरी आधी मोजून ठेवलेलं असतं

दादाला पुरणपोळीचा घास लहान करून खावा लागतो, हे वहिनीच्या आधी लक्षात आलं. तिखट लागलं की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "काही नाही, जबडा आखडला थोडा," असं तो म्हणायचा. दातांच्या डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनही नीट गेली नाहीत. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ओळखलं: ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर चिवट, पांढुरकं होत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

नंतर कळलं, की नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी याच विकाराच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. पुरुष रुग्ण स्त्रियांच्या जवळपास पाचपट होते, आणि पुरुषांना तो कमी वयात गाठत होता. हजार माणसांना "तोंड उघडा" म्हणायचं, मोजायचं, किती वर्षं काय खाता ते विचारायचं, लिहायचं. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये कॅन्सर नोंदणी सुरू केली, १९८० मध्ये ती नागपुरात आली. दवाखान्यादवाखान्यांत जाऊन केसपेपर चाळणारा नोंदणी कर्मचारी कोणत्याही फोटोत नसतो. पण कोणत्या गावात कोणता कॅन्सर वाढतोय हे त्याच्या रकान्यांतूनच कळतं. म्हणून निधीची पहिली देणगी आम्ही एका सर्वेक्षणातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रवासखर्चाला दिली.

२. समोरच्या रुग्णाला देणं सोपं, न भेटलेल्या रुग्णाला देणं अवघड

निधीच्या पहिल्या बैठकीत दादाचे एक मित्र म्हणाले, "ताई, व्हीलचेअर देऊ ना आपण. त्यावर भाऊचं नाव टाकता येते." त्यांचं चुकत नव्हतं. मानेवाड्याच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलबाहेर विदर्भातले, मध्य प्रदेश-छत्तीसगडमधले नातेवाईक चटई टाकून बसलेले ज्याने पाहिले, त्याचा हात आधी जेवणाच्या डब्याकडे आणि औषधाच्या चिठ्ठीकडेच जातो. जावाच.

पण दुसऱ्या प्रकारचंही एक दान असतं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यांचे पती दोराबजी टाटा यांनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने ट्रस्ट केला आणि उत्पन्नाचा मोठा वाटा जगभरातल्या रक्ताच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी ठेवला. तेव्हा त्या आजारावर खात्रीचा इलाज कुठेच नव्हता. ज्या रुग्णाचा जन्मही झालेला नाही, त्याच्यासाठी दिलेला तो पैसा होता. त्या बैठकीत मी हे सांगितलं. व्हीलचेअर आम्ही दिलीच, पण वेगळी वर्गणी काढून. निधी मात्र संशोधनालाच राहिला.

३. संशोधन म्हणजे आधी माणूस, मग मशीन

एकदा एका प्रयोगशाळेत गेले. माझ्या डोक्यात मोठमोठी यंत्रं होती. भेटली ती पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेली, अमरावतीकडची एक मुलगी. तिच्यासमोर मेणाचा छोटा ठोकळा होता, त्यात कोणाच्या तरी गाठीचा तुकडा. यंत्राच्या पात्याखालून ती त्याचे इतके पातळ काप काढत होती, की जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागावी. काप कोमट पाण्यावर तरंगायचा. एकही सुरकुती पडू न देता ती तो काचपट्टीवर उचलायची. तेवढा वेळ तिने श्वास धरलेला असायचा. काप सुरकुतला की टाकून द्यायचा, पुन्हा नवा. असे दिवसाला पन्नास-साठ.

तिची फेलोशिप सात महिने आली नव्हती. खोलीभाडं भरायला ती संध्याकाळी शिकवण्या घेत होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ज्युनिअर रिसर्च फेलोची रक्कम ३१ हजारांवरून ३७ हजार केली, ती वाढ गरजेचीच होती. पण कागदावरची रक्कम वेळेवर हातात पडणं हा वेगळा प्रश्न आहे. असे हात मध्येच सुटले, तर चार वर्षांचं शिकलेलं कसब वाया जातं. तेव्हापासून आमच्या निधीतली निम्मी रक्कम आम्ही याच कामासाठी ठेवतो: फेलोशिप अडकली की ती येईपर्यंत घर चालेल एवढा आधार.

४. स्वस्त इलाजाला सावकार मिळत नाही, तिथे आपण उभं राहायचं

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला आणि सगळ्यात जास्त पटला. डॉ. राजेंद्र बडवे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांवर स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी केली. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दात काढताना जागा बधिर करतात, तेच औषध. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. शंभरामागे जवळपास चार जीव वाचले, आणि तेही कोणत्याही दवाखान्याच्या कपाटात असलेल्या औषधाने.

या औषधावर कोणाचा हक्क उरलेला नाही, त्यामुळे ते कॅन्सरवर चालतं हे सिद्ध करण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नव्हता. १९६२ पासून टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाकडे आहे. चाचणीला पैसा तिथून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून आला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्याने तयार झालेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या, रक्ताच्या कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराचंही तेच. परदेशात कोट्यवधी रुपयांना मिळणारा उपचार इथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या लहानशा अंशात आणला, तो सार्वजनिक संस्था पाठीशी होत्या म्हणून. आपल्या खिशाला परवडेल असा इलाज आपल्यासाठी दुसरं कोणी शोधून देणार नाही.

५. एका वर्षाची देणगी म्हणजे पेरून पाणी न देणं

१९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने एक अभ्यास सुरू केला. दीड लाखाहून अधिक स्त्रिया. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी करत. कुठलंही यंत्र नाही. निष्कर्ष छापून आले २०२१ मध्ये: पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मधल्या काळात किती सरकारं बदलली, कितीजणी घर बदलून गेल्या, त्यांना शोधत पुन्हा दार वाजवावं लागलं. काम चालू राहिलं, कारण पैसा मध्येच थांबला नाही.

पहिली दोन वर्षं आम्ही एकरकमी देऊन मोकळे व्हायचो. पुढे एका संशोधकांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, एकदाच एक लाख देण्यापेक्षा पाच वर्षं दरवर्षी वीस हजार द्या. मग मी कोणाला तरी कामावर ठेवू शकतो." आता आम्ही पाच वर्षांचं लेखी वचन देतो. मासिक वर्गणी तीनशे रुपये. रक्कम छोटी आहे, पण तिच्या भरवशावर कोणीतरी पुढच्या वर्षाचं नियोजन करतं.

६. प्रश्न विचारा, पण योग्य ते

आमची एकदा फसवणूक झाली. एक गृहस्थ "कॅन्सर मुळासकट घालवणारं" औषध घेऊन आले, संशोधन सुरू आहे म्हणाले. मित्रमंडळींनी भावनेच्या भरात चाळीस हजार रोख दिले. ना पावती, ना अहवाल, पुढे फोनही लागेना. बँकेत वर्षानुवर्षं सह्या तपासणारी मी त्या दिवशी गप्प बसले, कारण आशा माझीही होती. दुःखात असलेल्या माणसाची आशा विकत घेणारे नेहमीच दारात असतात.

तेव्हापासून चार गोष्टी मागतो: नैतिकता समितीची परवानगी, संस्थेच्या खात्यात चेकने पैसे, वर्षाअखेर खर्चाचा हिशेब आणि दोन पानांत सोप्या मराठीत कामाची माहिती. "औषध कधी सापडेल?" हे मात्र विचारत नाही. एका वर्षी आलेल्या अहवालात लिहिलं होतं, की तपासलेली कल्पना चुकीची ठरली. एक वर्गणीदार नाराज झाले. मी त्यांना म्हटलं, हा रस्ता बंद आहे अशी पाटी लागली, तर मागून येणाऱ्याचा हेलपाटा वाचतो. पाटी लावण्यालाही मजुरी लागतेच.

७. शास्त्रज्ञाचं नाव मुलांच्या तोंडी असावं

आमच्या नागपूरजवळच्या जामठ्याला क्रिकेटचं स्टेडियम आहे आणि त्याच जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्थाही आहे. पहिल्या ठिकाणी खेळलेल्यांची नावं शाळकरी पोरांना धडाधड येतात. म्हणून दरवर्षी ८ नोव्हेंबरला, डॉ. कमल रणदिवे यांच्या जन्मदिवशी, आम्ही एका शाळेत जातो. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या या बाईंनी कॅन्सर संशोधक डॉ. वसंतराव खानोलकरांच्या हाताखाली काम केलं, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

मागे आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "त्यांच्या घरचे काही बोलले नाही का?" वर्गातल्या सगळ्या मुली उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी सांगितलं, वडील स्वतः जीवशास्त्र शिकवायचे, त्यांनीच शिकवलं. पैशाच्या आधी हे घडावं लागतं. घरातून "शिक" म्हणणारं कोणी तरी हवं.

८. सगळ्यात मोठा देणगीदार रुग्णच

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात सहभागी झाल्या. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी ते काम गावोगाव नेलं. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला या शेतकरी, मजूर बायांमुळे कळलं. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या बायांना ती चाचणी मिळाली नव्हती. त्यांचं ऋण तर अधिकच मोठं. आमच्या सगळ्या पावत्या एकत्र केल्या, तरी त्यांच्या देण्यापुढे काहीच नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर दादाचं बोलणं कळायचं नाही. तो पुतणीच्या पाटीवर लिहायचा. एक डॉक्टर अर्ज घेऊन आले: तपासणी झाल्यावर उरलेला गाठीचा तुकडा संशोधनासाठी ठेवला तर चालेल का? मला रागच आला. माणूस असा पडलेला, आणि हे काय विचारतात. दादाने माझा हात बाजूला केला, सही केली आणि पाटीवर लिहिलं, "ठेवा. माह्या काही कामाचा नाही, कोणाच्या तरी कामी येईन."

अशा तुकड्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. मी प्रयोगशाळेत गेले होते, त्या दिवशी त्या पीएच.डी.च्या मुलीने मेणाचा ठोकळा माझ्यासमोर धरला होता. कोणाचा, तिला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी एवढंच विचारलं, "बाई, नीट कापतेस ना?" ती म्हणाली, "हो काकू. एकच आहे ना तो."