मुंगी कोणाच्या पगारावर?



उसात मुंग्यांची रांग दिसली की आपण म्हणतो, "गोडाला लागल्या." पण उभा ऊस बाहेरून तर कोरडाच असतो. मग मुंगी खाते काय आणि तिला खाऊ घालतो कोण? हे समजण्यासाठी आधी आपल्या शिवाराबाहेर, पालघर भागात एक फेरी मारू.

बोईसर-तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी आठवते. पण त्याच भागात पडीक जागी, रस्त्याकडेला एरंडही वाढतो. त्याचे पान देठाला जिथे जुळते, तिथे बारीक गाठी असतात. त्यांतून गोड रस पाझरतो. फुलातला मध मधमाशीसाठी; हा देठावरचा मध मुंगीसाठी. चवळीच्या फुलांच्या दांड्यावर अशाच ग्रंथी असतात. पालघरच्या रानातल्या ऐनाचे पान उलटे करा, देठाजवळ दोन गाठी दिसतील.

हा मध येतो कुठून? पान उन्हात साखर तयार करते. ऊस ती कांड्यांत साठवतो. एरंड त्यातली थोडी गाठींवाटे बाहेर देतो. त्या बदल्यात मुंग्या पानापानावर फिरतात आणि किडींची अंडी, लहान अळ्या उचलून नेतात. अळीने पान कुरतडले की एरंड आणि कापूस हा मध वाढवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. चोर आला की राखणदाराची मजुरी वाढते म्हणा ना!

मध्य अमेरिकेतली एक बाभूळ तर याहून पुढे गेली. पोकळ काट्यांत मुंग्यांना घर, देठावर मध, आणि पानांच्या टोकांना प्रथिने व स्निग्धांशाचे दाणे. टॉमस बेल्ट या इंजिनिअरने १८७४ साली निकाराग्वावरील पुस्तकात याचे वर्णन केले. पुढे डॅनियल जॅन्झेन यांनी काही झाडांवरच्या मुंग्या काढून पाहिल्या. ती झाडे किडींनी खाल्ली, वेलींनी घेरली. हे काम १९६६ साली प्रसिद्ध झाले.

आता आपल्या उसाकडे या. उसाला अशा गाठी नाहीत. इथे पाचटाखाली, कांड्याच्या पेराशी पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. मुंगी तो खाते आणि ढेकणाची राखण करते. त्याला खाणाऱ्या मित्रकिडींनाही हुसकावते. पगार देतो ढेकूण, पैसा जातो आपला!

म्हणून मुंगी दिसली की लगेच पावडर धुरळू नका. आधी ती खाते काय, ते बघा. एरंडाच्या किंवा चवळीच्या गाठीवर असेल तर राहू द्या, ती आपलीच राखणदार. चवळीच्या शेंड्यावर मावा असेल, तर ती माव्याची चाकर. उसात दिसली तर पाचट सोलून पाहा. ढेकूण निघाला तर खालचे वाळलेले पाचट काढा, आणि त्या फडातले बेणे लागणीला घेऊ नका.