उन्हात गेलं की मूल का रडतं?

उन्हाळ कांदा काढायचे दिवस आले की नामपूरच्या शिवारात सकाळपासून बायामाणसं राबतात, लहान मुलं बांधावर खेळतात. त्यातलं एखादं मूल दहा-पंधरा मिनिटांतच हात झटकतं, "आई, आग होते" म्हणून रडतं, पाण्यात हात बुडवून बसतं. अंगावर फोड दिसत नाही. घरचे म्हणतात, नाटक करतंय. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे. दर वेळी असंच होत असेल, तर ते नाटकही नाही आणि बाहेरचंही नाही.

आजार कोणता?

रक्ताचा लाल रंग 'हीम' नावाच्या द्रव्यामुळे येतो. शरीर हे द्रव्य आठ टप्प्यांत तयार करते. शेवटच्या टप्प्यात प्रोटोपोर्फिरिन या पदार्थात लोह बसवले जाते. हे काम करणारे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असेल, तर प्रोटोपोर्फिरिन रक्तात साचते. त्वचेतल्या रक्तावर प्रकाश पडला की आग, टोचणी व सूज येते. या दुर्मीळ आजाराला 'एरिथ्रोपोएटिक प्रोटोपोर्फिरिया' म्हणतात. 1961 साली लंडनच्या डॉक्टरांनी त्याची स्वतंत्र ओळख पटवली.

साचलेला पदार्थ यकृतातून पित्तात उतरतो. त्यामुळे कमी वयात पित्ताशयात खडे होऊ शकतात. थोड्या रुग्णांमध्ये यकृतच निकामी होते. म्हणून निदान वेळेवर व्हायला हवे.

निदान का चुकते?

दवाखान्यात पोहोचेपर्यंत सूज उतरलेली असते. डॉक्टरांना त्वचा साधी दिसते, ॲलर्जीची गोळी मिळते. पोर्फिरिया म्हटले की अनेकदा लघवी तपासतात. पण या प्रकारात लघवीचा अहवाल सहसा नॉर्मल येतो. तेवढ्यावर "काही नाही" म्हणू नये.

खरी तपासणी रक्ताची. लाल पेशींतले प्रोटोपोर्फिरिन मोजतात आणि त्यातले धातूविरहित किती, जस्त जोडलेले किती, हे वेगळे पाहतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण लोहाच्या कमतरतेत आणि शिशाच्या विषबाधेतही एकूण आकडा वाढतो. पण तिथे जस्तवाले जास्त असते. नमुना काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून पाठवावा लागतो, नाहीतर प्रकाशाने बिघडतो. निदान झाल्यावर जनुकीय तपासणी आणि दरवर्षी यकृताची तपासणी.

डॉक्टरांना काय सांगाल?

1. त्रास कोणत्या वयात सुरू झाला, किती मिनिटांत होतो.
2. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हानेही होतो का. (या आजारात होतो.)
3. घरात, नात्यात कुणाला असा त्रास आहे का.

सूज असतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शाळा-अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही दाखवा. पुढे मालेगाव किंवा नाशिकच्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुंबईचे केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. तिथे जाण्यासाठी चिठ्ठी मागून घ्या.

घरी काय करावे?

पूर्ण बाह्यांचे जाड विणीचे कपडे, रुंद टोपी, हातमोजे वापरा. साध्या सनस्क्रीनचा फारसा उपयोग नाही. वर्गात खिडकीपासून दूर बसवायला गुरुजींना सांगा. ऊन टाळल्याने 'ड' जीवनसत्त्व कमी पडते, ते तपासून घ्या. कावीळ 'अ' आणि 'ब'ची लस घ्या, मोठेपणी दारूला हात लावू नये. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच.

दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. बहुतेक वेळा एक सदोष जनुक एका पालकाकडून आणि एक कमजोर जनुक दुसऱ्याकडून येते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून सुनेला बोल लावू नका, भगताकडे पैसे घालवू नका. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. मुलाला पंगतीत, खेळात सोबत घ्या. आणि ते "आग होते" म्हणाले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.