कोल्हासूर चालू लागतो! घरच्या घरी राक्षसाची फिल्म

दिवाळीचा किल्ला मोडताना मावळे जपून ठेवा. त्यांच्यावर आता कोल्हासूर चाल करून येणार आहे! पन्हाळ्याच्या तीन दरवाजासमोर तो दहा सेकंद चालेल. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे एकूण 120. आज राक्षस घडवा, उद्या शूटिंग.

साहित्य: ॲल्युमिनियमची मऊ तार, न वाळणारी तेलाची क्ले, दोन पांढरे मणी, टाचण्या, पुठ्ठे, टेप, तीन दरवाजाचं चित्र, मावळे, टेबल लॅम्प, मोबाइल.

आज: राक्षस

1. कागदावर राक्षस काढा. मावळा बोटभर असेल तर हा वीतभर हवाच.

2. तार दुहेरी करून पिळा. एकेरी तार सारखी वाकवली की तुटते.

3. चित्रावर ठेवून तिचे हात, पाय, धड आणि शिंगं वळवा. पावलांना मोठं वेटोळं द्या, नाहीतर राक्षस उभाच राहणार नाही.

4. सांगाड्यावर क्ले चढवा. कोपर आणि गुडघ्यांवर थर पातळच ठेवा. कुंभार गल्लीतली शाडू इथे नको. ती वाळते आणि सांध्यांवर तडकते.

5. डोळ्यांच्या जागी मणी बसवा, भोक समोर ठेवा. तेच बुबुळ! भोकात टाचणीचं टोक घालून फिरवलं की राक्षस डोळे वटारतो.

उद्या: शूटिंग

6. तीन पुठ्ठे एकावर एक चिकटवून टेबलाला टेपने पक्के करा. जमीन सरकली तर सगळी मेहनत पाण्यात.

7. तीन दरवाजाचं चित्र हातभर मागे उभं करा. जवळ ठेवलं तर राक्षसाची सावली त्यावर पडते.

8. पडदे ओढून घ्या. ऊन कमी-जास्त झालं की फिल्म लुकलुकते.

9. लॅम्प एका बाजूने लावा. पांढरा शर्ट घालू नका, त्याचा उजेड परत राक्षसावर पडतो.

10. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीत घट्ट रोवा. कॅमेरा मावळ्याच्या डोळ्यांइतका खाली हवा, म्हणजे राक्षस अक्राळविक्राळ दिसतो.

11. स्टॉप मोशनचं ॲप उघडून वेग 12 ठेवा.

12. एरोप्लेन मोड लावा. मध्येच फोन आला की कॅमेरा हललाच समजा.

13. फोकस आणि उजेड लॉक करा. हे विसरलात तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल.

14. मावळे मांडा. त्यांना चुकून धक्का लागू देऊ नका.

15. राक्षसाचं टेकलेलं पाऊल टाचणीने पुठ्ठ्यात टोचा. दुसरं उचलताना तोल जातो, तो इथेच सावरतो.

16. दुसरा पाय केसभर हलवा. हलवण्याआधी धड टेकलेल्या पायाकडे झुकवा, नाहीतर राक्षस घसरल्यासारखा दिसेल.

17. हात बाजूला घेऊन फोटो काढा. फोटोत बोट आलं तर लगेच पुसून पुन्हा घ्या.

18. असे 12 फोटो झाले की पाऊल टेकवा आणि काहीही न हलवता आणखी 3 फोटो काढा. राक्षसाला वजन येतं ते याच थांब्यामुळे, इथे घाई नको!

19. टाचणी पुढच्या पावलात घालून पायरी 16 ते 18 पुन्हा करा. आठ पावलं झाली की 120 फोटो पूर्ण.

20. फिल्म चालवून बघत वह्यांचा गठ्ठा जमिनीवर आपटा आणि तो आवाज रेकॉर्ड करा. पाऊल टेकण्याच्या फोटोवरच ‘धप्प’ बसवा.

आता गल्लीतल्या पोरांना बोलवा आणि लावा फिल्म! क्ले डब्यात झाकून ठेवा, पुढच्या राक्षसाला तीच चालते.