सांध्यातील शहाणपण

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आषाढ लागला की घराघरांतील दारे अडू लागतात. उन्हाळ्यात सहज मिटणारे दार पावसाळ्यात चौकटीत घट्ट बसते. लाकूड कापून, रंधून झाले तरी ते हवेतील ओलावा शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. लांबीत ते फारसे बदलत नाही. रुंदीत मात्र बदलते.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील सुतारापुढे आणखी एक अडचण असते. खाऱ्या हवेत लोखंडी खिळा लवकर गंजतो आणि भोवतालचे लाकूडही खराब करतो. म्हणून जुन्या घरांच्या लाकडी सांगाड्यात एका तुळईचे टोक तासून त्याचे कुसू करीत, दुसरीत त्याच मापाची खाच पाडीत, आणि कुसू खाचेत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकीत.

हीच युक्ती चीनमधील कारागिरांनी मेजाच्या घडणीत पूर्णत्वास नेली. मिंग राजवटीच्या (१३६८–१६४४) उत्तरकाळात तेथे कठीण लाकडाची सुबक मेजे घडू लागली. हैनान बेटावरील ‘हुआंगहुआली’ हे लाकूड त्यांत विशेष मानाचे. सह्याद्रीतील शिसवीचे ते नातलगच होय. कारागीर चार पट्ट्यांची चौकट करीत, तिच्या आतल्या कडेला खोबण कोरीत आणि मधली फळी त्या खोबणीत न जखडता बसवीत. त्यामुळे फळी फुगली तर तिला पसरण्यास जागा असे, आणि आकसली तरी तिला तडा जात नसे. चौकटीच्या कोपऱ्यांतील कुसू आत दडलेले असे. बाहेरून दिसे ती केवळ एक तिरपी रेघ! अशी मेजे शतके लोटली तरी टिकून आहेत. अभ्यासक वांग शीश्यांग यांनी जमविलेल्या अशा ७९ जुन्या वस्तू आज शांघायच्या संग्रहालयात आहेत.

परंतु अतोनात तोडीमुळे हुआंगहुआलीची रानटी झाडे आज दुर्मिळ झाली आहेत. तिच्या आणि शिसवीच्याही आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. जे लाकूड पक्व होण्यास पिढ्या लागतात, त्याची वस्तू चार वर्षांत मोडावी, हा त्या झाडावर अन्याय नव्हे काय? म्हणून घरातील जुना चौरंग डगमगू लागला, तर तो चुलीत घालण्यापूर्वी त्याचा सांधा पाहावा. पुष्कळदा लाकूड धडधाकट असते; सैल झालेली असते ती केवळ खुंटी.

स्वाध्याय
१. पावसाळ्यात दार घट्ट का बसते?
२. मेजाची मधली फळी न जखडण्याचे कारण सांगा.
३. घरातील एखाद्या जुन्या लाकडी वस्तूचे सांधे पाहून पाच ओळी लिहा.