ट्रॅक्टरला मोठे इंजिन : आधी विचार, मग खर्च



हंगामात ऊस ओढताना ट्रॅक्टर दमला, की "35 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला 50 चे इंजिन बसवू का?" असा प्रश्न येतो. त्याआधी एवढे ध्यानात घ्या.

1) ताकद का घटली ते पाहा. एअर क्लीनर चोंदणे, नोझल बिघडणे, रिंगा झिजणे ही नेहमीची कारणे. ही दुरुस्ती इंजिन बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

2) क्लच, गिअर व डिफरन्शियल जुन्याच ताकदीचे असतात. जादा जोर आला की क्लच घसरतो, नाहीतर क्राऊन-पिनियनचे दात तुटतात. रेडिएटर अपुरा पडून पाणी उकळते.

3) ओढ चाकाच्या पकडीवर आहे. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ओल्या रानात चाक जागीच फिरणार.

4) ब्रेक मात्र तेच राहतात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायचे अंतर चौपट होते, आणि मागे भरलेल्या ट्रॉल्या असतात!

शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे. आर.टी.ओ.च्या मंजुरीशिवाय इंजिन बदलू नका. अपघातात विम्याची अडचण येईल.

जादा ताकद लागतच असेल तर मोठा ट्रॅक्टर भाड्याने लावा. चुकलेली खेप उद्या भरून निघेल; ड्रायव्हरच्या घरच्यांना आपण काय सांगणार?

— ऊस विकास अधिकारी