गाठ कुठे पडली? – एका कार्टून सिनेमाचा अभ्यास



मराठीच्या तासाला पाठ वाचून झाला की बाई विचारतात, "आधी काय झाले? मग काय झाले?" आपण सगळे भराभर हात वर करतो. पण "असे का झाले?" असे विचारले की वर्ग एकदम गप्प होतो. गोष्टीची रचना या 'का' मध्येच असते. म्हणून मी एका कार्टून सिनेमाची रचना सांगणार आहे. हा सिनेमा पाळीव प्राण्यांचा आहे. त्याचे नाव 'द सीक्रेट लाइफ ऑफ पेट्स', म्हणजे पाळीव प्राण्यांचे गुपित आयुष्य. हा अमेरिकी सिनेमा २०१६ साली आला. सुमारे दीड तासाचा आहे.

आमच्या बोनकोड्याच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. माझे आजोबा पूर्वी खाडीत पाग टाकायचे. पागाचा गुंता झाला की ते कधी ओढाओढ करत नाहीत. आधी गाठ कुठे पडली ते शोधतात. मग एकेक दोरा सोडवतात. गोष्टीचेही तसेच करायचे. मी या गोष्टीच्या पाच पायऱ्या केल्या आहेत.

१. सुरुवात. न्यूयॉर्क शहरात मॅक्स नावाचा छोटा कुत्रा राहतो. त्याची मालकीण केटी. ती रोज कामाला जाते आणि मॅक्स दाराशी बसून तिची वाट बघतो. त्याला वाटते, केटी फक्त माझी.

२. गाठ. एके दिवशी केटी ड्यूक नावाचा भलामोठा केसाळ कुत्रा घरी आणते. ड्यूक मॅक्सच्या बिछान्यावर झोपतो. मॅक्सला तो नको असतो. ही झाली गाठ. घर एक, मालकीण एक आणि कुत्रे दोन.

३. गुंता. मॅक्स घरातल्या वस्तू फोडून त्याचा आळ ड्यूकवर घालायची धमकी देतो. म्हणून ड्यूक चिडतो. म्हणून फिरायला गेल्यावर तो मॅक्सला एका बोळात टाकून देतो. पण तिथल्या भटक्या मांजरी दोघांच्याही गळ्यातले पट्टे काढून घेतात. पट्टे नाहीत, म्हणून कुत्रे पकडणारी गाडी दोघांना धरते. गाडीतून त्यांची सुटका होते ती स्नोबॉल नावाच्या पांढऱ्या सशामुळे. हा ससा दिसायला गोड आहे, पण माणसांनी टाकून दिलेल्या प्राण्यांचा तो पुढारी आहे. ते सगळे जमिनीखालच्या गटारात राहतात आणि माणसांचा राग राग करतात. मॅक्स आणि ड्यूक पाळीव आहेत हे कळल्यावर ते दोघांच्या मागे लागतात. इकडे गिजेट नावाची कुत्री शेजारपाजारचे प्राणी जमवून मॅक्सला शोधायला निघते.

वरच्या वाक्यांत मी 'म्हणून' आणि 'पण' किती वेळा लिहिले ते मोजा. जिथे नुसते 'आणि मग, आणि मग' येते तिथे गोष्ट सैल असते. जिथे 'म्हणून' येते तिथे दोरा दोऱ्याला बांधलेला असतो.

४. कळस. पकडणारी गाडी पुन्हा येते. मॅक्सला वाचवताना ड्यूक स्वतः पकडला जातो. त्याला घेऊन जाणारी गाडी मोठ्या पुलावरून नदीत पडते. मॅक्स पाण्यात उडी मारतो, पण पिंजरा त्याला उघडत नाही. तेव्हा स्नोबॉल किल्ली आणतो आणि ड्यूक सुटतो.

५. सोडवणूक. सगळे आपापल्या घरी पोचतात. मॅक्स आणि ड्यूक दोघे मिळून केटीचे स्वागत करतात.

आता पायरी २ आणि पायरी ४ शेजारी शेजारी ठेवा. आधी ज्याला 'हा घरात नको' म्हटले, त्याच्यासाठीच मॅक्सने नदीत उडी मारली. पहिल्या गाठीलाच शेवटी उत्तर मिळाले. मारामारी कितीही दाखवली आणि पहिली गाठ तशीच राहिली, तर सिनेमा संपला तरी गोष्ट संपली असे वाटत नाही.

पण या सिनेमात गाठ एकच नाही. मला तीन सापडल्या. मॅक्सची गाठ हेव्याची. ती मैत्रीने सुटली.

ड्यूकची गाठ हरवण्याची. त्याचा पहिला मालक फ्रेड नावाचा म्हातारा होता. एकदा फुलपाखराच्या मागे धावता धावता ड्यूक हरवला आणि पकडला गेला. मधे ते दोघे फ्रेडच्या घरी जातात. तिथे एक मांजर सांगते की फ्रेड वारला. हे दृश्य छोटे आहे, पण मला वाटते सिनेमाचे काळीज तेच आहे. फ्रेडने ड्यूकला टाकले नव्हते. तरी ही गाठ होती तिथे सुटू शकत नाही, कारण दुसरे टोक धरायला माणूसच उरला नाही. ते टोक नेऊन दुसरीकडे बांधावे लागते. म्हणून ड्यूकला केटीचे घर लागते.

स्नोबॉलची गाठ टाकून देण्याची. सिनेमात तो खलनायक वाटतो, पण त्याचा राग उगाच आलेला नाही. शेवटी एक लहान मुलगी त्याला उचलून जवळ घेते. तो आधी घाबरतो, मग तिच्याबरोबर जातो. त्याला कोणी हरवले नाही, त्याला प्रेम मिळाले. त्याची गाठ तशीच सुटणार होती.

यावरून माझा नियम असा : गाठ जशी, सोडवणूक तशी. हरवलेल्याला शोधता येते. टाकलेल्याला शोधायला मात्र कोणीच येत नाही. त्याला नवीन माणूसच लागतो.

टाकलेल्या कुत्र्याची गोष्ट आपल्या मुंबईचीही आहे. २००८ साली 'रोडसाइड रोमिओ' हा हिंदी कार्टून सिनेमा आला. यश राज फिल्म्स आणि वॉल्ट डिस्ने यांनी मिळून तो काढला. जुगल हंसराज दिग्दर्शक होते आणि रोमिओला सैफ अली खान यांनी आवाज दिला. रोमिओ श्रीमंताघरचा लाडका कुत्रा असतो. घरचे लोक लंडनला राहायला जातात आणि तो मुंबईच्या रस्त्यावर येतो. पुढे रस्त्यावरचे दोस्त भेटतात, लैला भेटते, चार्ली अण्णा नावाचा दादा कुत्रा भेटतो, गाणी होतात. सगळे हसतात. पण पहिली गाठ कोणी मारली? चार्ली अण्णाने नाही. ती रोमिओच्या घरच्यांनी मारली. गोष्टीत भांडण एकाशी चालते, पण चूक दुसऱ्याचीच असते. अभ्यास करताना हे बघावे.

आता बोनकोड्याचे सांगते. आमच्या गावठाणात घरे खेटून आहेत आणि भोवताली सिडकोच्या वसाहतीच्या इमारती आहेत. इमारतीतले कुत्रे पट्टा घालून फिरायला येतात. आळीतल्या कुत्र्यांना पट्टा नसतो, पण त्यांना नावे असतात आणि त्यांची घरे ठरलेली असतात. एक घर सकाळचे, एक संध्याकाळचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक तपकिरी कुत्रा आमच्या आळीच्या तोंडाशी येऊन बसला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, पण मानेवर केस झिजून गोल रेघ पडली होती. म्हणजे पट्टा होता आणि कोणीतरी काढला. आळीतले कुत्रे त्याला आत येऊ देईनात. रस्त्यावर गाडी थांबली की तो उठून उभा राहायचा. गाडी निघाली की परत बसायचा. असे त्याने कितीतरी दिवस केले. माझी आजी त्याला तांदळाची भाकरी टाकू लागली. "त्यालापण भूक लागते ना," म्हणाली.

मी बाबांना विचारले, आपण त्याला घरात घेऊ या का? बाबा लगेच नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मलाच प्रश्न विचारला, "आपण गावाला गेलो, तर त्याला कोण बघणार?" मला उत्तर आले नाही. नंतर लक्षात आले, रोमिओच्या घरच्यांनी हा प्रश्न कुत्रा आणायच्या आधीच स्वतःला विचारायला हवा होता. मग सिनेमाच झाला नसता, पण रोमिओ घरी असता. मी उत्तर शोधते आहे. शेजारच्या काकींना विचारले आहे, त्या दोन दिवस बघते म्हणाल्या. सुट्टीचे दिवस त्याहून जास्त असतात, म्हणून आणखी दोन घरे विचारायची आहेत. त्याला रेबीजची लस द्यावी लागेल, तीही द्यायची ठरली आहे. तोपर्यंत तो आळीच्या तोंडाशीच आहे, पण आता गाडी आली तरी प्रत्येक वेळी उठत नाही.

आपल्या देशात प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी १९६० साली कायदा झाला. उपाशी, तहानलेला राहील अशा तऱ्हेने प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे गाठ मारणाऱ्याला विचारायची सोय कायद्यात आहे. सिनेमात ते विचारायचे राहून गेले तरी चालते, गावात चालत नाही.

एक सूचना : अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. खाणे लांबून ठेवा. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच मोठ्या माणसांबरोबर दवाखान्यात जा.

स्वाध्याय

१. तुम्हाला आवडणारी एक गोष्ट घ्या. तिची पहिली गाठ एका वाक्यात लिहा.
२. ती गाठ शेवटी सुटली का? कोणी सोडवली?
३. ती गोष्ट 'आणि मग' हे शब्द न वापरता, फक्त 'म्हणून' आणि 'पण' वापरून सांगा.
४. गोष्टीत ज्याच्याशी भांडण झाले, चूक त्याचीच होती का?
५. (पालकांसाठी) घरात कुत्रा, मांजर किंवा पोपट आणायचा हट्ट मुलांनी धरला, तर आमच्या बाबांचा प्रश्न त्यांना विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.

उत्तरे कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका. चांगली उत्तरे पुढच्या अंकात लावू.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी